जुन्या गाडीत पेट्रोलचा वास, चार महिने झाले, कुठून येतोय ते सापडेना

निळी_सेदान
नमस्कार मंडळी. गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे, पेट्रोल, इंजेक्शनवाली, आधी वडील चालवायचे आता माझ्याकडे आहे. चार महिने झाले आत पेट्रोलचा वास येतोय. रोज येत नाही हीच खरी पंचाईत, दाखवायला घेऊन जावं तर नेमका त्या दिवशी नसतो. दोन ठिकाणी दाखवून झालं. एकाने टाकीचं झाकण बदललं, दुसऱ्याने फिल्टर बदलला आणि वर सांगितलं की जुनी गाडी आहे थोडाफार वास येणारच. मला हे अजिबात पटलेलं नाही. नवी होती तेव्हा येत नव्हता ना, मग काहीतरी बिघडलंय म्हणूनच येतोय. मागच्या सीटवर मुलगी बसते, सात वर्षांची, परवा म्हणाली बाबा मळमळतंय काच खाली करा. त्या दिवसापासून तिला या गाडीत बसवलेलं नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा ठणठणीत. सुरुवात कुठून करू?

पाना_दहाचा
सुरुवात बोनेट उघडण्याच्या आधी करा. गाडी बंद गॅरेजमध्ये लावत असाल तर आजपासून बाहेर उघड्यावर लावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि खड्डा असेल तर त्यात साठते. म्हणून खड्ड्यात उतरून खालून बघायचं नाही. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी पेट घेते आणि पेट्रोल शून्याखाली ४० अंशांवरही पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे थंडी आहे म्हणून काही होणार नाही असं समजू नका. तारेचा बल्ब लावलेला हातदिवा नको, एलईडी बॅटरी घ्या आणि ती गाडीजवळ येण्याआधीच चालू करा. पावडरचं किंवा सीओटूचं अग्निशामक हाताशी ठेवा. वास जोरात असेल त्या क्षणी गाडीच्या बॅटरीची क्लिप ओढू नका, तिथेच ठिणगी पडते. आधी गाडी ढकलून मोकळ्यावर न्या, वास जाऊ द्या, मग क्लिप.

आणि पुठ्ठा कोरडा म्हणजे गळत नाही असं नसतं. चमचाभर पेट्रोल गरम इंजिनावर सांडलं तर खाली पोचायच्या आत उडून जातं. नाकाला मात्र फार थोडं लागतं.

अर्धी_टाकी
वास नक्की कधी येतो? "मधूनमधून" असं नका सांगू, त्यातून काहीच कळत नाही. एक वही गाडीत ठेवा. वास आला की वेळ, टाकी किती भरलेली, इंजिन गार की गरम, गाडी उभी की चालती, काचा वर की खाली, एसी बाहेरची हवा घेतोय की आतलीच फिरवतोय, वास पुढून की मागून. आठवडाभर एवढंच करा, पाना हातात घेऊ नका. माझा अनुभव असा की वासाला वेळापत्रक असतं आणि ते कळलं की निम्म्या जागा आपोआप बाद होतात. फुल टाकी केल्यावर येतो आणि अर्ध्यावर गेली की थांबतो, तर गळती टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे भरायचा गळा, त्याचे होज, पंपाच्या वरचं सील. गार इंजिन चालू करताना येतो तर बोनेटखाली दाबाच्या लाईनवर. गरम गाडी उभी केल्यावर येतो तर कॅनिस्टरचा, म्हणजे टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्याचा विचार करा, कार्ब्युरेटर असेल तर कार्ब्युरेटरचा.

अजून एक, वहीत लिहिताना नाकावर फार विसंबू नका. दहा मिनिटं वासात बसलं की नाक मरतं, वास असतो पण आपल्याला कळत नाही. बाहेरून येणाऱ्या ताज्या माणसाला विचारा.

रबरी_होज
वीस वर्षांची गाडी आहे तर शोधत कशाला बसायचं, सगळे रबरी होज एका झटक्यात बदलून टाका, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मारतंच, कधी ना कधी बदलायचेच आहेत.

पाना_दहाचा
होज बदलायला हवेत हे बरोबर, पण न शोधता बदलणं बरोबर नाही. गळती ओ-रिंगमध्ये, म्हणजे जोडातल्या गोल रबरी रिंगमध्ये असेल तर सगळे होज नवे करूनही वास तिथेच राहील आणि माणूस हात टेकेल. शिवाय घाईत चुकीचा होज बसतो. होजवर छापलेलं वाचा. जे३०आर७ हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबाचा, इंजेक्शनच्या लाईनला निदान जे३०आर९ लागतो, आणि वासच नको असेल तर जे३०आर१४ बघा, त्याच्या भिंतीतून वाफ फार कमी झिरपते, फक्त दाब किती सोसतो ते तपासून घ्या. हो, भिंतीतून झिरपते. चांगला दिसणारा, कुठेही न फाटलेला होज नुसता म्हातारा झाल्यामुळे वास देतो, त्याला कापडाने घट्ट धरून दोन मिनिटांनी कापड हुंगलं की कळतं. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला जो छोटा तुकडा असतो त्याला मात्र जे३०आर१०च हवा, बाहेरचा होज आत बुडवला तर बाहेरून फुगून विरघळतो.

चोक_ओढा
माझी गाडी कार्ब्युरेटरवाली, तुमच्याहून बरीच जुनी, तरी लिहितो कारण कोणी हे वाचत वाचत येईल. माझ्याकडे वास यायचा आणि मी दोन महिने कार्ब्युरेटर उघडत होतो, फ्लोट बघितला, सुई बदलली, पेट्रोलची पातळी पुन्हा पुन्हा मोजली. शेवटी एकदा ऑइलची काडी ओढली तर काडीलाच पेट्रोलचा वास आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर. मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलेला, पेट्रोल बाहेर न येता आत ऑइलमध्ये जात होतं. बाहेर कुठे ओल दिसणार? असं पातळ झालेलं ऑइल घेऊन गाडी चालवली की बेअरिंग जातात. इंजेक्शनवाल्यांनीही काडी हुंगून बघावी, इंजेक्टर बंद न होता ठिबकत राहिला तरी ऑइल असंच बिघडतं.

निळी_सेदान
आठ दिवसांची वही झाली. काडी हुंगली, ऑइल ठीक आहे, पातळीही बरोबर.

सोमवारी टाकी फुल केली, नोझल कट झाल्यावर पंपावरच्या माणसाने आणखी दोनदा दाबलं. सोमवारी आणि मंगळवारी मागे वास, डिकी उघडली की जास्त. बुधवारी कमी. गुरुवारी टाकी पाऊण, मागचा वास नाही. पण गुरुवारी सकाळी गाडी चालू केल्याकेल्या पुढून, एसीच्या जाळीतून वास आला, पाचेक मिनिटं, मग गेला. शुक्रवारी तेच. शनिवारी गाडी दुपारी काढली, ऊन होतं, तर काहीच नाही. रविवारी सकाळी पुन्हा पुढून. मला यात काही ताळमेळ लागत नाहीये, एकदा मागून एकदा पुढून.

अर्धी_टाकी
ताळमेळ आहे, फक्त तो एका वासाचा नाही, दोन वासांचा आहे. तुमच्याकडे दोन गळत्या आहेत असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. एक मागे, टाकी फुल असताना, आणि एक पुढे, इंजिन गार असताना. म्हणूनच चार महिने गेले, एकच कारण धरून शोधलं की अर्धी लक्षणं कायम विरोधात जातात. आता पुढचं विसरा आणि आधी मागचं संपवा. आणि नोझल कट झाल्यावर पुन्हा दाबू देऊ नका. टाकीत वरती वाफेसाठी जागा सोडलेली असते, ती भरली की पातळ पेट्रोलच कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जातं, तो कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, पेट्रोल पिण्यासाठी नाही.

कोळसा
कॅनिस्टरचा विषय निघाला म्हणून. पूर्वी टाकीतली वाफ सरळ हवेत सोडायचे, १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून सगळ्या अमेरिकेत ती अडवायची सक्ती झाली आणि मग जगभर हेच आलं. टाकीतली वाफ कोळशात धरून ठेवायची आणि इंजिन गरम झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनातच जाळायची. हा व्हॉल्व्ह तपासणं सोपं आहे, वीज नसताना तो बंद असला पाहिजे, काढून पाईप लावून फुंका, फुंकर आरपार गेली तर गेलेला आहे. तो उघडाच अडकला असेल तर पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला त्रास देते आणि आयडलला थरथरते.

रबरी_होज
कॅनिस्टरचे पाईप काढून टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा-वाफ जायची वाट, उघडा सोडला तर? एकाने तसं केलंय, म्हणतो कटकट गेली.

कोळसा
कृपा करून असं करू नका. तेव्हा जी वाफ कोळशात अडकायची ती आता सरळ गाडीखाली सुटते, म्हणजे ज्या वासासाठी हा धागा आहे तोच वाढतो. आणि उलट ब्रीदर बंद केला तर टाकीत उन्हाने दाब वाढतो, किंवा पेट्रोल संपत जातं तसा आत ओढ बसून टाकी चेपते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. ही यंत्रणा काढायची नसते, नीट करायची असते.

निळी_सेदान
काल मागचं उघडलं. सगळं सविस्तर लिहितोय कारण मला अशीच कोणाची तरी सविस्तर माहिती हवी होती.

आधी मागची सीट उचलली, खाली गोल पत्रा आहे तो काढला, पंपाचं वरचं प्लास्टिक दिसलं. धूळ सगळीकडे सारखी, कोरडी. पेट्रोल झिरपत असतं तर धूळ ओली काळी झाली असती, तसं काही नव्हतं. प्लास्टिकची नळी जिथे निघते तिथे बारीक चीर असते असं वाचलं होतं म्हणून नखाने फिरवून बघितलं, ठीक. मग झाकणाकडच्या बाजूचं मागचं चाक काढलं. गाडी जॅकवर सोडली नाही, घोडीवर घेतली. चाकाच्या वरचं प्लास्टिकचं मडगार्ड काढायला दीड तास गेला, तीन स्क्रू गंजून बसलेले, त्यातला एक तुटला. आत पाच बोटं आत जातील एवढा चिखल साठलेला, वाळून दगड झालेला, वीस वर्षांचा असणार. तो हाताने काढला. भरायच्या गळ्याचा पाईप लोखंडी आहे, त्याला वरवर गंज आहे पण टोचून बघितलं तर आत भक्कम. त्याच्या शेजारून अंगठ्याएवढा जाड रबरी होज जातो, ब्रीदरचा, वरून नवा वाटावा इतका चांगला. पण वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे टाकीकडच्या बाजूला, जिथे डोळे पोचतच नाहीत तिथे बोट फिरवलं तर बोट ओलसर झालं. होज जरासा वाकवला आणि भेग उघडली, बोटाच्या एका पेराएवढी, कडा काळ्या ओल्या. वाकवणं सोडलं की भेग मिटते. म्हणून कोणालाच दिसली नाही.

काढून ठेवला, फोटो काढलाय. नवा मूळ आकाराचा मागवला कारण सरळ होज वाकवून बसवला तर वळणावर दबतो. क्लिपाही बदलल्या.

पाना_दहाचा
छान काम. वळणाच्या आतली बाजू हा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा. आणि तो चिखल परत साठू देऊ नका, धुताना तिथे पाणी मारत जा. ओला चिखल लोखंडी गळ्याला धरून बसतो आणि पाईप तिथेच सडतो.

डिकीतला_वास
एक शंका, वास डिकीत कसा आला? होज तर गाडीच्या बाहेर आहे.

अर्धी_टाकी
गाडीतली हवा बाहेर जायला मागच्या बंपरच्या आत रबरी पडद्यांच्या झडपा असतात. ते पडदे जुने होऊन वाकडे होतात आणि मग बाहेरची हवा आत येते. गाडी चालत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूरही याच वाटेने किंवा डिकीच्या सैल रबरातून आत ओढला जातो. म्हणून वास ओळखायला शिका, कच्च्या पेट्रोलचा वास आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा डोळे चुरचुरणारा वास वेगळे असतात. दुसरा येत असेल तर मिक्श्चर, मिसिंग आणि सायलेन्सर बघा, आणि तसल्या गाडीत काचा बंद करून बसू नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

निळी_सेदान
नवा होज बसून सहा दिवस झाले. टाकी फुल केली होती, पहिल्या कटलाच थांबवलं. मागे वास शून्य. बायकोला मुद्दाम बाहेरून आणून डिकीत हुंगायला लावलं, तिलाही नाही आला.

पण सकाळचा पुढचा वास तसाच आहे. आज थंडी जास्त होती तर जास्त आला.

पाना_दहाचा
थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर गायब, तर माझा पहिला संशय इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंगवर. रबर कडक झालं की गारठ्यात आक्रसतं आणि दाब आल्या आल्या थोडंसं सोडतं, इंजिन तापलं की फुगून परत बसतं. रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, साधारण ३ बार दाब असतो, केसाएवढी फट पुरते. तिथून निघालेली वाफ काचेखालच्या जाळीतून एसीच्या हवेत जाते, म्हणून तुम्हाला पुढून येतो. एक सकाळ एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवून चालू करा, वास कमी झाला तर बोनेटखालचंच आहे हे नक्की.

पकडायचं कसं ते सांगतो. रात्रभर गार झालेली गाडी, मोकळी जागा, इंजिन चालू करायचं नाही. चावी फक्त ऑन करा, पंप दोन सेकंद चालून थांबेल, बंद करा, परत ऑन, असं तीन-चार वेळा. रेलमध्ये दाब आला. आता पातळ पेपर नॅपकिनची वात वळा आणि प्रत्येक इंजेक्टर जिथे रेलमध्ये शिरतो तिथे गोल फिरवा, मग खाली, मग रेलच्या जोडांवर, फिल्टरच्या वायसरवर. पेट्रोल लागलं तर वातीचं टोक पारदर्शक होतं आणि बघता बघता सुकतं. पाणी असेल तर तसंच ओलं राहतं. प्रेशर रेग्युलेटरला जो बारीक व्हॅक्यूमचा पाईप असतो तोही ओढून हुंगा, त्यात पेट्रोल असेल तर त्याचा पडदा फाटलाय.

तुमचं इंजेक्शन साधं, मॅनिफोल्डमध्ये मारणारं आहे म्हणून हे सांगतोय. ज्यांचं थेट सिलिंडरमध्ये मारणारं आहे त्यांनी रेलला हात लावू नका, तिथला दाब कितीतरी पटींनी जास्त असतो, कातडीत घुसतो.

काळा_धूर
डिझेलवाल्यांसाठी हीच वात चालते, इंजेक्टरच्या रिटर्नचे बारीक पाईप बघा, डिझेल उडत नाही त्यामुळे डाग राहतो, शोधायला सोपं.

निळी_सेदान
सापडलं!!

सकाळी सहाला उठून केलं. काल रात्री बोनेट उघडं ठेवून झोपलो होतो म्हणजे सकाळी उघडताना काही हलायला नको. तीन वेळा चावी ऑन केली. पहिला इंजेक्टर कोरडा, दुसरा कोरडा, तिसऱ्याला वात टेकवली आणि टोक कागदासारखं न राहता काचेसारखं झालं, मी बघत असतानाच परत पांढरं झालं. मला वाटलं भास झाला. दुसरी वात घेतली, पुन्हा तेच. चौथा कोरडा. डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं, ओल नाही, थेंब नाही, नुसत्या बॅटरीच्या उजेडात तर कधीच सापडलं नसतं.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं, बंद पडेपर्यंत चालू दिलं, म्हणजे दाब उतरला. मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, बॅटरीची क्लिप काढली, जोडावर कापड गुंडाळून रेल उचलली, तरी थोडं पेट्रोल आलंच. तिसऱ्याची वरची ओ-रिंग गोल राहिलेलीच नाही, चपटी झालीय, नखाने दाबली तर दबत नाही, प्लास्टिकची बांगडी वाटते. बाकीच्या तिन्ही त्याच वाटेवर आहेत. सगळ्या आठ बदलतोय, चार वरच्या चार खालच्या.

पाना_दहाचा
आठच बदला, बरोबर. व्हिटॉनच्या, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या घ्या, रंगावरून ओळखू नका, पाकिटावर वाचून घ्या. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा, ग्रीस नाही. इंजेक्टर सरळ दाबा, तिरपा घातला तर नवी रिंग कापली जाते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवशी. बसवून झाल्यावर इंजिन चालू न करता चावी ऑन करून वात परत फिरवा. त्यानंतरच चालू करा.

चोक_ओढा
तुमची वात मी माझ्या पंपाच्या जोडांवर फिरवली, एक क्लिप निघाली ओली. दोन महिने आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

निळी_सेदान
बसवून आज नऊ दिवस. वात चारही ठिकाणी कोरडी आली. तीन सकाळी चांगल्याच गार होत्या, एसी मुद्दाम बाहेरच्या हवेवर ठेवून चालवली, वास नाही. मेव्हणे आले होते, त्यांना काही न सांगता गाडीत बसवलं आणि दहा मिनिटांनी विचारलं कसला वास येतोय का, म्हणाले सीट कव्हरचा येतोय.

काल मुलीला शाळेतून याच गाडीने आणलं. मागे बसली, काच वर होती, घर येईपर्यंत बडबड चालू होती.

जुना होज आणि चार चपट्या रिंगा डब्यात ठेवल्यात. कोणाला भेग कशी दिसते ते बघायचं असेल तर होज वाकवून धरलेला फोटो आज टाकतो.

डिकीतला_वास
फोटो नक्की टाका. आणि होज कुठल्या बाजूला बसतो तेही खूण करून दाखवा, मी या रविवारी चाक काढतोय.